सुकलेला दात

मी दात बनवते असं फोनवर सांगितलं की गावी आई अजूनही हसते. इथे परप्रांतात, फ्रीगंज नावाच्या पेठेत, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत, दातांच्या दवाखान्यावरच्या मजल्यावर आमची लॅब आहे. नवऱ्याच्या नोकरीपायी लातूरकडून इतक्या लांब आले. आठवीत शाळा सुटली हे सांगूनही लॅबवाल्या काकांनी माझ्या हातात ब्रश दिला. ते उपकार, आणि तो ब्रश कधी परत मागतील ही धास्ती, दोन्ही घेऊन मी रोज जिना चढते.

आधी मला दाढाच मिळायच्या. मग समोरचा दात आला, पहिलीला शिकवणाऱ्या एका काकूंचा. स्कूटीवरून पडून तुटलेला. त्यावरची तात्पुरती कॅप शर्टाच्या बटणासारखी दिसायची, म्हणून त्या तोंडाला पदर लावून शिकवायच्या.

"पोरं माझ्या तोंडाकडे बघून अक्षरं उचलतात गं," त्या म्हणाल्या. "पदराकडे बघून काय शिकतील?"

मी त्यांना खुर्चीत बसवलं. नमुन्याच्या दातांचा पंखा असतो, शेड गाईड म्हणतात. तो त्यांच्या शेजारच्या खऱ्या दाताला लावून मी बघतच राहिले. काकू बिचाऱ्या तोंड उघडून बसलेल्या. आधी एक रंग बरोबर वाटला, मग त्याहून फिका, मग आणखी फिका. तोच धरला. चिनी मातीची पूड कालवून ब्रशने थर चढवले, दात मुद्दाम मोठा ठेवला, कारण भट्टीत तो आक्रसतो. कच्चेपणी रंग कळतच नाही. भट्टी उघडेपर्यंत जीव टांगणीला.

लावून पाहिला. काकूंनी आरशात बघितलं, "छान आहे" म्हणाल्या आणि पदर वर ओढला.

काका रागावले नाहीत. "बेटा, तू तर दाताला बघून-बघून सुकवून टाकलंस." दात ओला असतो तोवरच त्याचा खरा रंग, वारा लागला की फिका पडतो, म्हणे.

मला खरं वाटेना. घरी ओठ वर धरून आरशासमोर उभी राहिले. आणि खरंच, हळूहळू दातावर खडूसारखे डाग उमटले. तोंड मिटल्यावर पुन्हा गेले. इतकी वर्षं तोंडात आहेत आणि मला पत्ता नाही! तेव्हापासून पोह्यांच्या ठेल्यावर मी लोकांचे दातच बघते. पांढरा असा कुणाचाच नसतो. हिरडीपाशी मधासारखा, टोकाला पाण्यासारखा, जरा निळसर.

दुसऱ्या खेपेला काकूंना आधी पाणी प्यायला दिलं, खिडकीपाशी उभं केलं. एक नजर टाकली आणि लगेच भिंतीकडे वळवली. पहिल्या नजरेला जे दिसलं तेच धरलं. टोक पातळ ठेवलं, शेजारच्या दातावर होती तशी पुसट रेघही घातली.

दात बसवून घेऊन काकू वर आल्या. काकांनी पोहे मागवले होते.

"आता सांगा, ह्यातला हिने केलेला कुठला?" काकूंनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

काकांनी चष्मा चढवला, वाकून पाहिलं आणि शेजारच्या खऱ्या दाताकडे बोट केलं.

काकू खदखदून हसल्या. काकांनी मुद्दाम केलं असेल, नसेलही. हसता हसता काकूंचा हात पदराकडे गेला, अर्ध्यात थांबला, आणि त्यांनी पोह्यांची प्लेट उचलली.