केळीचा फोम आणि माझा गुडघा

"साहेबांचा साईज काय?"

जळगावच्या त्या दुकानात हा प्रश्न तिसऱ्यांदा आला, तेव्हा मी हातातलं हेल्मेट काउंटरवर आपटलं. म्हटलं, "साहेब घरी पोळ्या लाटतायत. गाडी मी चालवते, गुडघा माझा फुटलाय. माझ्या मापाचं दाखवा." दुकानदार हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. मग त्याने एक गुलाबी हातमोजा पुढे केला. गुलाबी! मी तशीच बाहेर पडले आणि मेहरूणपर्यंत गाडीवर एकटीच शिव्या देत आले.

मी गुरांच्या दवाखान्यातली फिरतीवरची बाई. घर जळगावातच मेहरूणला, नोकरी धुळ्यापलीकडे साक्रीकडे. आठवडाभर तिकडे खोली घेऊन राहायचं, शनिवारी संध्याकाळी घरी. साक्रीच्या पश्चिमेला डोंगरात जे पाडे आहेत तिथे जाऊन लसी टोचायच्या, अडलेल्या गाई सोडवायच्या, हे माझं काम. डांबर संपलं की खडी, खडी संपली की मुरूम, आणि मग नुसते गोटे आणि नाले. शहरातली पोरं रविवारी असल्या वाटांवर गाड्या घालतात, त्याला 'ऑफ-रोड' म्हणतात आणि फोटो काढतात. आम्ही त्याला ड्युटी म्हणतो.

त्या गोट्यांवरच मी एकदा पडले आणि डाव्या गुडघ्याच्या वाटीला तडा गेला. धुळ्याच्या डॉक्टरांनी प्लास्टर काढताना एक्स-रे उजेडासमोर धरला आणि शांतपणे सांगितलं, "या गुडघ्यावर अजून एकदा पडलात ना, तर फिरती विसरा. मग टेबल." टेबल म्हणजे ऑफिसात बसून रजिस्टरं भरणं. वीस वर्षं मी गुरांच्या अंगाला हात लावून जगले. कुठल्या पाड्यावरची कुठली म्हैस लाथ मारते हे मला तोंडपाठ. मला टेबलाला बांधायचं म्हणजे जिवंतपणी पुरायचं. म्हणून मी गुडघ्याचं चिलखत शोधत हिंडत होते, हौस म्हणून नाही.

आणि काय मिळत होतं? डोंबल! जळगावात मिळायचं ते हायवेवाल्यांसाठी. काळं, जाड, आतून अस्तर लावलेलं. अहो, मे महिन्यात आमच्याकडे माणूस सावलीत उभा राहून भाजतो, त्यात हे घालून नाल्यात उतरायचं? धुळ्यात एका दुकानात म्हणाले, लेडीजमध्ये येतच नाही. शेवटी मोबाईलवरून मागवलं. पुरुषांचं सगळ्यात लहान माप. ते नी-गार्ड गुडघ्यावर बसायचं सोडून नडगीवर उतरायचं. परत पाठवलं, दुसरं मागवलं. ते मात्र बसलं. कडक प्लास्टिकची वाटी, आत जाड गादी, मागे तीन पट्टे. दगड आला तरी वाटी फुटेल, गुडघा नाही, असं वाटावं इतकं दणकट.

पण ते ज्याने बनवलं तो मेला कधी गाईशेजारी बसला नसावा! माझं काम गाडीवर अर्धं आणि जमिनीवर अर्धं. प्रत्येक गोठ्यात उकिडवं बसायचं, कासेखाली वाकायचं, खूर बघायचा. ती वाटी घालून उकिडवं बसलं की कड मांडीत रुतायची आणि पट्टे गुडघ्यामागे कातडी सोलायचे. मग प्रत्येक गोठ्यात काढा, परत घाला. दिवसातून वीस वेळा. पहिल्याच आठवड्यात एकदा पाड्यावरच्या नानांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "ताई, हाई काय शे वं? किरकेट खेळाले चालनी का?" सगळा पाडा हसला. मीही हसले, पण आतून अशी तडकले की त्या दिवशी नी-गार्ड डिकीत टाकलं ते महिनाभर बाहेर काढलं नाही. घालायचं नसेल तर घेतलंस कशाला, असं नवरा म्हणाला. त्यालाही बोलले.

उपाय सुचला तो सावद्याला. तिथे भावाची केळी आहेत. कापणी चालू होती. कापलेला घड मजूर खांद्यावरून आणत होते आणि जमिनीवर अंथरलेल्या फोमवर अलगद, अगदी बाळंतिणीला निजवावं तसा ठेवत होते. फण्यांच्या मधेमधे पुन्हा फोम. भाऊ ओरडत होता, "हळू रे! एक डाग पडला तरी व्यापारी नाक मुरडतो." मी बघत राहिले आणि मस्तकात तिडीक गेली. केळाला डाग पडू नये म्हणून एवढी माया, आणि माणसाच्या हाडाला काही नाही! रागातच मी त्या फोमवर गुडघा टेकून बसले. काय सांगू, लोणी! उठले तेव्हा ठरवलंच होतं. जो फोम केळ्याला जपतो तो मला जपणार नाही का? भावाकडून एक अख्खी पट्टी घेतली आणि रविवारी सकाळीच जळगावात चाचांकडे गेले.

चाचा म्हणजे गाड्यांची सीटं शिवणारे म्हातारे कारागीर. माझ्या गाडीचं सीट त्यांनीच शिवलेलं. मी त्यांच्यापुढे जाड कापडाची पँट, फोम आणि ते नी-गार्ड ठेवलं. म्हटलं, हे नी-गार्ड नको, पँटलाच गुडघ्यावर आतून खिसा करून हा फोम भरा.

चाचांनी फोम फळीवर ठेवला आणि अंगठ्याने दाबला. अंगठा थेट फळीला टेकला. "देखो मॅडम, अंगठा कहाँ पहुँचा. ये केले का है, हड्डी का नहीं." मग मराठीत समजावलं. गिऱ्हाईक येतं, सीट हाताने दाबून बघतं, मऊ लागलं की खूश होतं आणि महिन्याभरात कंबर धरून परत येतं. बसायला मऊ आणि सांभाळायला मऊ यात फरक असतो. "हे नी-गार्ड माझ्याकडे ठेवा. आठ दिवस द्या. बसता येईल असं काहीतरी करतो."

आठ दिवस! मला सोमवारी ड्युटी होती. त्यात महिनाभर जो तो मला शिकवत होता. दुकानदार, नवरा, नाना, डॉक्टर, आणि आता हे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, "चाचा, तुम्ही सीटं शिवा. गुडघा माझा आहे. मला अक्कल शिकवू नका." ते सुईत दोरा ओवायला लागले. मी समोर उभं राहून फोम शिवून घेतला. निघताना नी-गार्ड त्यांच्या फळीवर फेकलं आणि म्हटलं, "ठेवा तुम्हालाच. शोभेला."

ती पँट घालून मी दोन महिने राणीसारखी हिंडले. उकिडवं बसा, मांडी घाला, काही टोचत नाही. गरम होत नाही. ऑफिसात मिरवलं सुद्धा. बघा म्हटलं, मोठमोठ्या कंपन्यांना जमलं नाही ते सावद्याच्या केळीने केलं. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मग एका सकाळी नानांचा निरोप आला. त्यांची गाय अडली होती. पाड्याअलीकडचा नाला उतरताना पुढचं चाक गोट्यावरून घसरलं. वेग म्हणाल तर माणूस चालतो तितका. गाडी सावकाश डावीकडे कलली आणि मी त्या गुडघ्यावर, त्याच गुडघ्यावर, दगडावर गेले. आवाज मी ऐकला. वरून बायका धावत आल्या, "ताई पडनी! पानी आन, पानी आन!" मला खाटेवर घालून गोठ्यापाशी नेलं. मी तिथे पडल्या पडल्या ओरडत होते, नाना, हात साबणाने धुवा, वासराचे पाय शोधा, ओढू नका अजून! नानांनी वासरू काढलं. जिवंत निघालं. मी रडत होते आणि नानांना वाटलं, वासरासाठी रडतेय.

धुळ्याला डॉक्टरांनी पँट कात्रीने कापली. माझ्या वाटीचे तीन तुकडे झाले होते. फोम मात्र खिशातून जसाच्या तसा निघाला. त्यावर एक डागही नव्हता.

पुढचं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तसंच झालं. आता मी टेबलावर बसते आणि लसींची रजिस्टरं भरते. पाड्यांवर कोण जातं, तर एक नवा मुलगा, पायात चपला घालून.

चार महिन्यांनी काठी टेकत चाचांकडे गेले. माफी मागायला, असं घरी सांगितलं होतं, पण खरं तर कुणावर तरी ओरडायचं होतं. चाचांनी माझा पाय बघितला आणि माळ्यावरून कागदात गुंडाळलेलं पुडकं काढलं. आत माझं नी-गार्ड. वाटीचे त्यांनी आडवे तीन भाग केले होते, मधे सीटचं रेक्झिन शिवून सांधे केले होते, म्हणजे पाय वळला की वाटीही वळेल. मागचे पट्टे काढून सुती कापड लावलं होतं.

"उसी हफ्ते बना दिया था," ते म्हणाले. "आप आईं नहीं."

"मग फोन करायचा होता ना, चाचा!" मी किंचाळलेच.

"नंबर कुठे होता? तुम्ही रागात गेलात."

मी ते तिथेच पायावर चढवलं. कुठे रुतत नव्हतं, कुठे टोचत नव्हतं. चाचा कौतुकाने म्हणाले, "आता बसून बघा, उकिडवं."

मी फळीला धरून खाली वाकले. वाटी छान वळली. माझा गुडघा अर्ध्यावर अडला आणि तिथून पुढे गेला नाही.

चाचांनी माझ्याखाली स्टूल सरकवलं आणि मी बसले. मग म्हटलं, "हे असंच अजून एक करा. चपलावाल्या त्या गाढवाला उद्या तुमच्याकडे आणते. नाही म्हणाला तर कान धरून आणते."

चाचांनी वहीत पहिल्यांदा माझा नंबर लिहून घेतला.