एक्केचाळीस पाहुणे, हल्ली मुक्काम लातूर

मन्मथप्पा उस्तुरगे निजामाच्या उर्दू शाळेत तिसरीपर्यंत शिकले. मराठी ते पुढं आपलं आपण शिकले, तेही भजी बांधायच्या रद्दीवरून. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एकाच्या तोंडाला त्यांचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे दोन बाकडी, एक भट्टी आणि महादेवाचा फोटो. रद्दीचा गठ्ठा महिन्यानं यायचा. त्यामुळं जगातली कुठलीही गोष्ट त्यांना महिनाभर उशिरा कळायची, पण चिडायचे ते ताजे ताजे.

लातूर उस्मानाबादेतून सुटून वेगळा जिल्हा झाला, ही एकच बातमी त्यांना त्याच दिवशी कळली. त्या दिवशी त्यांनी येईल त्याला मुरमुऱ्यांचा सुशीला फुकट खाऊ घातला, आणि उस्मानाबादच्या एका एसटी कंडक्टरला बोलावून मुद्दाम दोन बशा दिल्या.

त्यांच्या जंगमगल्लीत कुणाचंही लग्न निघालं की कामं वाटली जायची. कुणी आचाऱ्याकडं बघायचं, कुणी मांडवाकडं. पाहुणे गावात फिरवायचं काम मन्मथप्पांचं. ते त्यांच्याकडं येण्याचं कारण साधं होतं. मांडवात ठेवलं तर ते कुणाशी तरी भांडत. बाहेर पाठवलं की भांडण बाहेर व्हायचं.

पाहुण्यांना सांगायचं त्यांचं ठरलेलं होतं. "सकाळी माझ्याकडं धपाटे. मग सिद्धेश्वर, मग गोलाई. हाती दिवस असला तर औश्याचा किल्ला. दोन दिवस असले तर खरोश्याची लेणी. आठ दिवस असले तर आपल्या घरी जा."

जिल्हा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यांची पुतणी गुरम्मा हिचं लग्न ठरलं. भाऊ वारलेला. घरात वहिनी शांतम्मा आणि ही धाकटी पोर. थोरल्या तिघींची लग्नं नवऱ्याकडच्या दारात झाली होती. विधवेच्या दारात मांडव कसा घालायचा, असं तेव्हा लोक बोलले होते आणि शांतम्मांनी ते ऐकून घेतलं होतं. ह्या खेपेला त्या ऐकणार नव्हत्या.

स्थळ धर्माबादचं, मिरचीच्या अडतीचं. नवरदेवाचे चुलते हणमंतराव हे वऱ्हाडाचे पुढारी. साखरपुड्यालाच त्यांनी सुपारी तोंडात ठेवून सांगितलं, "पोरगी पसंत हाय. पर तुमच्या गावाला पाणी न्हाई म्हणं. हळदीला पाणी कमी पडलं तर नवरी उचलायची अन् लगीन धर्माबादला लावायचं. आमच्याकडं गोदावरी हाय."

"लगीन माझ्या दारातच हुईल," शांतम्मा म्हणाल्या आणि आत गेल्या. पुढचं सगळं मन्मथप्पांवर आलं.

दोन पावसाळे कोरडे गेले होते. नळ बाराव्या दिवशी यायचा आणि आल्यासारखं करून जायचा. गल्लीतली धडधाकट माणसं रोजगार हमीची खडी फोडायला गेली होती आणि तिकडंच पालं ठोकून राहिली होती. टंचाईची कचेरी एका बंद डाळमिलच्या गोदामात भरायची. नवा जिल्हा, त्यामुळं फायली यायच्या होत्या, टेबलं यायची होती. आला होता फक्त एक कारकून, साताऱ्याकडून बदलून. त्याच्याकडं एक वही होती आणि टँकरच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक होतं.

"वस्तीत शंभर डोकी असली तर टँकर सुटतो," तो म्हणाला. "तुमच्या गल्लीत बासष्ट भरली."

"बाकीचे खडी फोडायला गेलेत, सायेब. तिकडंच झोपतेत."

"मग त्यांना पाणी तिकडे मिळेल."

"अन् ह्या बासष्टांनी?"

"अडतीस डोकी वाढवा."

"कोंबड्या हायेत का," मन्मथप्पा म्हणाले, "अंड्यावर बसवून वाढवायला?"

शिपायानं त्यांना बाहेर काढलं. असे ते आठ दिवसांत आठ वेळा बाहेर निघाले. नवव्या दिवशी संध्याकाळी वऱ्हाड आलं, एक्केचाळीस माणसं.

शांतम्मांनी पंधरा दिवस कळशी कळशी करून अंगणातला हौद भरला होता. पाहुण्यांनी चहा घेतला आणि न्हाणी कुठं आहे ते विचारलं. एक न्हाऊन आला की दुसरा टॉवेल घेऊन उभा. बायकांनी केस धुतले. हणमंतराव तर असे न्हाले की शेजाऱ्यांना आवाज गेला. सकाळी शांतम्मांनी हौदात वाकून पाहिलं. तळाला साबणाची एक वडी होती, आणि ती धर्माबादची होती.

त्यांनी मन्मथप्पांना मागच्या दाराला बोलावलं. "भावजी, चारला हळद हाय. तवर ह्यांना घरात येऊ देऊ नका. अन् येताना पाणी आणा."

"वैनी, ही दोन कामं एकच माणूस कसा करील?"

"म्हणून तर तुमाला सांगितलं."

मन्मथप्पांनी पाहुण्यांना आधी हॉटेलात नेलं. सुशीला बंद होता. मुरमुरे भिजवायला पाणी लागतं. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दिली. चहा नुसत्या दुधाचा. पाहुण्यांना वाटलं, काय इज्जत केली.

"चटणी लई तिखट हाय की," हणमंतराव डोळे पुसत म्हणाले.

"मिरची तुमच्याच अडतीची हाय."

हणमंतरावांनी पाणी मागितलं. मन्मथप्पांनी आणखी चहा दिला.

पुढं सिद्धेश्वर. हणमंतरावांच्या बायकोनं, पार्वतम्मांनी, धर्माबादहून पितळेचा मोठा तांब्या आणला होता, पिंडीवर पाणी घालायला. गुरव म्हणाला, "आई, ह्या साली देवाला बेलावरच भागवायलेत." पार्वतम्मांनी रिकाम्या तांब्याकडं पाहिलं, मग मन्मथप्पांकडं पाहिलं, आणि तांब्या तसाच काखेत धरला.

मग गोलाई. हणमंतरावांनी एक चक्कर मारली आणि जिथून निघाले तिथंच परत आले.

"झालं? ह्येच का बघायचं?"

"सोळा रस्ते हायेत."

"मोजले. एकावर बी घोटभर पाणी दिसलं न्हाई." ऊन चढलं होतं, चटणी अजून बोलत होती, आणि मागं चाळीस माणसं ऐकायला होती. हणमंतरावांना जोर आला. "जिल्हा झाला म्हणून तुमी गावाला खाऊ घातलं म्हणं. कुठं ठिवलाय त्यो जिल्हा? दाखवा की! आमच्या नांदेडला गुरुद्वारा हाय, घाट हाय, विष्णुपुरीला धरण बांधायलेत. तुमच्या जिल्ह्याला पाटी तरी हाय का, मन्मथप्पा?"

मन्मथप्पांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"चला," ते म्हणाले. "जिल्हा दाखवतो."

पुढं लोक म्हणाले की मन्मथप्पांनी डाव टाकला. तसं काही नव्हतं. ते नुसते चिडले होते, आणि चिडलेला माणूस रोजच्या वाटेनंच जातो. जिल्ह्याबरोबर नवीन आलेली म्हणून त्यांना एकच जागा माहीत होती. ते डाळमिलच्या दिशेनं निघाले आणि मागं एक्केचाळीस माणसं निघाली. पुढं रुमाल बांधलेले पुरुष, मागं नव्या लुगड्यातल्या बाया, आणि ऊन लागतं म्हणून सगळ्यांच्या पुढं लगबगीनं पार्वतम्मा, काखेत पालथा तांब्या.

शिपायानं हे लांबून पाहिलं, फाटक लावलं आणि आत ओरडला, "सायेब, हंडा मोर्चा!"

कारकून बाहेर आला. त्यानं गर्दी पाहिली आणि गर्दीत मन्मथप्पा पाहिले.

"उस्तुरगे! माणसं भाड्याने आणलीत?"

"भाड्यानं?" हणमंतराव फाटकाला भिडले. "धर्माबादचे अडते हाव आमी! आमी माणसं भाड्यानं लावतो, समजलं का? फाटक उघड."

फाटक उघडलं. सगळे गोदामात शिरले. आत सावली होती, तेवढ्यावरच बाया खाली बसल्या.

"मग तुमचं इथे काय काम आहे?" कारकुनानं विचारलं.

हणमंतरावांनी मन्मथप्पांकडं पाहिलं. तेही तेच विचारत होते. सगळेच मन्मथप्पांकडं बघायला लागले.

आता तोंड उघडलं तर वऱ्हाडाला कळणार, आणि चारला नवरी उचलली जाणार. नाही उघडलं तर चारला पाणी नसणार, आणि नवरी उचललीच जाणार. मन्मथप्पांनी आयुष्यात पुष्कळ वेळा विचार न करता तोंड उघडलं होतं. आज विचार करून उघडलं.

"पाणी पायजे," ते म्हणाले. "हौद कोरडा पडलाय. हळदीला तांब्याभर पाणी न्हाई." मग ते हणमंतरावांकडं वळले. "आता उचला नवरी. पर उचलायच्या आधी ह्या सायेबाला सांगून जा, माझ्या गल्लीत डोकी किती हायेत ते. काल न्हाणीपुढं तर मोजता यायनात!"

हणमंतरावांनी बोलायला मान वर केली. तेवढ्यात पार्वतम्मा उठल्या आणि त्यांनी तांब्या कारकुनापुढं फरशीवर आपटला.

"उचलून न्यायची कुठं?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "चार दिवसानं न्हालो आपण काल."

"ए, गप बस की."

"का गप? गोदावरीत नुसती रेती हाय. आडात चिखल हाय." त्या मन्मथप्पांकडं वळल्या. "घरून निघताना ह्यांनी सगळ्यांना शपथ घातली, लातुरात पाण्याचं नाव काढू न्हाई म्हणून. म्या न्हाई काढलं. पर भूल पडली, तांब्या रिकामा आणला."

मन्मथप्पांनी गोदावरीवर एक भाषण साखरपुड्यापासून तयार ठेवलं होतं. त्याचा आता काही उपयोग राहिला नाही. हणमंतराव रुमाल काढून घाम पुसत बसले. बराच वेळ पुसला.

"पोरगी पसंत पडली हुती," ते शेवटी कुणाकडंही न बघता म्हणाले, "पर आमच्या पाण्याचं कळलं असतं तर तुमीच पोरगी दिली नसती."

"न्हाईच दिली असती," मन्मथप्पा म्हणाले.

कारकून एवढा वेळ वहीत बघत होता. तो नियमाचा माणूस होता, आणि नियम त्यानं आजवर एवढ्या शेवटपर्यंत वाचला नव्हता. "इथे रहिवासी असं लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "वस्तीत मुक्कामी असलेली डोकी, असं आहे. तुम्ही मुक्कामी आहात?"

"पाच दिवस. मांडव निघेपर्यंत," हणमंतराव म्हणाले.

"एकेकानं पुढे या."

एकेक पुढं आला. नाव, मग 'रा. धर्माबाद, ह. मु. जंगमगल्ली, लातूर', मग सही नाहीतर अंगठा. हल्ली मुक्कामाला लातूर लिहिताना हणमंतरावांचा हात अडला.

"कंसात नांदेड जिल्हा लिवा."

"कंसाला जागा नाही."

त्यांनी सही केली. बासष्ट आणि एक्केचाळीस, एकशे तीन.

साडेतीनला टँकर जंगमगल्लीत शिरला. पहिलं पाणी पार्वतम्मांच्या तांब्यात पडलं. शांतम्मांच्या दारात, शांतम्मांच्या मांडवात गुरम्माची हळद झाली. हणमंतरावांनी चूळ भरली आणि लातूरचं पाणी जरा मचूळ आहे म्हणाले. मन्मथप्पा त्या दिवशी मांडवात कुणाशीही भांडले नाहीत, कारण टँकरवाल्याशी दाराबाहेर भांडून झालं होतं.

लग्न लागलं, वऱ्हाड गेलं. गल्ली परत बासष्टावर आली. कारकुनानं टँकर दिवसाआड चालू ठेवला होता, पण दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मोजणी असायची. शांतम्मांनी विचारलं, "आता वो, भावजी?" मन्मथप्पांनी एक पोस्टकार्ड आणलं आणि रद्दीवरून शिकलेल्या मराठीत लिहिलं:

'समस्त धर्माबादकर सोयऱ्यांना नमस्कार व शरणार्थ. कळविण्यात येते की, लातूर जिल्ह्यातील पुढील प्रेक्षणीय स्थळे आपल्याकडून पाहावयाची राहिली आहेत. औसा येथील किल्ला. खरोसा येथील लेणी. वडवळ येथील नागनाथाचे बेट, तेथे औषधी झाडे आहेत. येसराची आमटी, भाकरी व गव्हाची हुग्गी यांचा बंदोबस्त केला आहे. मोजणी सोमवारी आहे. रविवारी मुक्कामाला यावे. तांब्या भरून नेण्यास हरकत नाही.'

एक्केचाळीसच्या एक्केचाळीस आले. औश्याचा किल्ला निम्म्यांनी पाहिला, न्हाले सगळे. "माझ्या नावाचं पाणी हाय," असं म्हणून पार्वतम्मांनी केस दोनदा धुतले. पुढच्या महिन्यात दुसरं पोस्टकार्ड गेलं. त्यात खरोश्याची लेणी होती.

तिसऱ्या मोजणीला कारकून स्वतः गल्लीत आला. हणमंतराव शांतम्मांच्या ओट्यावर ओल्या केसांना तेल लावत बसले होते. कारकुनानं डोकी मोजली, एकशे तीन लिहिले, वही मिटली आणि चहा घेता घेता सहज म्हणाला, "सुट्टीत घरची मंडळी येतायत. इथे पाहण्यासारखं काय आहे हो? मला तर काही दिसलं नाही."

"दिसलं न्हाई?" हणमंतरावांनी तेलाची वाटी खाली ठेवली. "डोळे कुठं ठिवलेत मग? जिल्हा हाय ह्यो, जिल्हा! सकाळी मन्मथप्पाकडं धपाटे खायाचे. चटणीला मिरची आमची असती. मग सिद्धेश्वर. मग गोलाई, अन् एक चक्कर मारून तोंड वाकडं करू न्हाई, सोळा रस्ते नीट मोजायचे. दोन दिवस असले तर खरोसा. लेणी असली लेणी, सायेब, तुमच्या साताऱ्यानं बघितली नसतील."

मन्मथप्पांना ह्यात घालण्यासारखं काही सापडलं नाही. ते कधी नव्हे ते मऊ आवाजात म्हणाले, "किती डोकी यायलेत, सायेब?"

"सहा."

मन्मथप्पांनी वहिनींकडं पाहिलं. शांतम्मांनी मान हलवली आणि उन्हात टाकायला पाहुण्यांची चटई आणायला आत गेल्या.