अण्णांच्या चित्राला मी काढलेली चाकं

हे वर्षालासुद्धा ठाऊक नाही. बायकोला माझे पासवर्ड माहीत आहेत, घोरणं माहीत आहे — हे नाही. तुम्हाला सांगतो. हसलात तरी चालेल.

२००४ चा हिवाळा, अमेरिकेत मिशिगनमधलं नोव्हाय. वर्षाचे वडील, अण्णा, आमच्याकडे आले होते. साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं ड्रॉइंग मास्तर — आधी रेघ, मग रंग, हा त्यांचा कायदा. एका रविवारी त्यांना डेट्रॉइटच्या म्युझियममध्ये नेलं. इम्प्रेशनिस्टांच्या दालनात हे जे उभे राहिले, ते गार्डने हटकेपर्यंत! परतताना गाडीत त्यांनी माझी शिकवणीच घेतली — ट्यूबमध्ये रंग मिळायला लागले, ही मंडळी स्टुडिओ सोडून उन्हात गेली, बाह्यरेषा सोडली, काळा रंगही जवळपास टाकला. पॅरिसने 'अर्धवट कामं' म्हणून टर उडवली. मग हळूच म्हणाले, "जावईबापू, मी पोरांना जन्मभर नुसत्या रेघा मारायला लावल्या हो."

दुसऱ्या दिवसापासून स्वारी माझं जाकीट चढवून, रंगांची पेटी घेऊन पार्किंगमध्ये चित्र काढायला. बर्फावर निळ्या सावल्या, मधे माझी गाडी — म्हणजे एक लाल फराटा. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जाताना चित्र आणि रंगांची पेटी आमच्याकडेच ठेवली.

आता मी कोण? गाड्यांची चाकं डिझाइन करणारा माणूस! आणि माझ्याच हॉलमध्ये बिनचाकाची गाडी? पॉटलकला, आपापला डबा घेऊन जेवायला आलेला प्रत्येक जण विचारायचा, "हे काय यार, लोणचं सांडलंय का?" किती सोसणार? वर्षा ग्रोसरीला गेली असताना मी पेटीतली न उघडलेली काळी ट्यूब उघडली आणि — औषधाच्या बाटलीचं झाकण ठेवून दोन चाकं काढली. मग बंपर. मग हात थांबेचना, अख्ख्या गाडीला बॉर्डर. खरं सांगू? मला ते फार आवडलं. चार दिवसांनी वर्षा म्हणाली, "बघता बघता कळायला लागतं ना चित्र!"

दोन वर्षांनी अण्णा पुन्हा आले, नवे ब्रश घेऊन. चित्रासमोर गेले. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. म्हटलं, भरली आपली शंभरी. पण ते स्वतःशीच पुटपुटले, "शेवटी हात सवयीवरच गेला. मास्तर तो मास्तरच."

तेव्हा तोंड उघडायला काय झालं होतं मला? एक वाक्य — एकच पुरलं असतं. मी म्हणालो, "अण्णा, चाकं मात्र झकास जमलीत हं."

नवे ब्रश त्यांनी त्याच दुपारी नातीला देऊन टाकले. पुन्हा कधी हातात धरले नाहीत.