दुचाकीला आत जागा नाही

उत्कर्षा ढोटे मूळची वर्ध्याची. ती पुण्यात धायरीला राहायची आणि येरवड्यातल्या एका आयटी कंपनीत मोटरसायकलवरून जायची. भाजी, गॅसची टाकी, सासूबाईंचा दवाखाना, सगळं त्याच गाडीवर. कंपनीच्या आवारात मात्र फक्त मोटारी लावू देत. दुचाक्या बाहेर रस्त्यावर लावायच्या, आणि तिथून वाहतूक पोलीस त्या उचलून नेत.

एकदा तिची गाडी अशीच उचलली गेली आणि आरसा फुटून परत आली. दुसऱ्या सकाळी उत्कर्षाने ती कंपनीच्या फाटकातच आडवी लावली आणि तिच्यावर बसून राहिली. मागे मोटारींची रांग लागली. प्रशासनाचे प्रमुख धावत आले.

"मॅडम, हा काय तमाशा आहे?"

"आत निम्मी जागा रिकामी आहे. मग आमच्या गाड्या रस्त्यावर का?"

"अहो, दुचाक्यांनी आवाराची शोभा जाते."

"आमचं काम तुम्हाला चालतं, मग आमच्या गाडीनेच काय घोडं मारलंय?"

साहेबांनी नाइलाजाने तिची गाडी आत घेऊ दिली. दुपारी सगळ्यांना ईमेल आला, की महिलांच्या दुचाक्यांना आत परवानगी आहे.

"चला, तुझं तरी काम झालं," शेजारी बसणारा योगेश म्हणाला.

उत्कर्षाचं डोकं आणखीच तडकलं. "मी काय बाई म्हणून भांडले?"

ती तडक खाली गेली आणि तिने गाडी पुन्हा रस्त्यावर आणून लावली. दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायकांनीही आपल्या स्कूटर मुद्दाम बाहेरच लावल्या. अखेर फाटक सगळ्यांच्या दुचाक्यांसाठी उघडलं. प्रमुखांनी पुढे तिच्याशी बोलणंच टाकलं. तिनेही त्यांची मनधरणी केली नाही.