सरकीचे दात

सेलूच्या आमच्या जिनिंगमध्ये सीझनला कापूस साचतो ना, तसेच किस्सेही साचतात. ठेवायला जागा उरत नाही. मग कुणी पाहुणा आला की त्याच्या अंगावर ओतायचे. तो बिचारा नुसतं विचारतो, "काय ताई, काय म्हणतंय ऑफिस?" आणि त्याची गाडी चुकते!

यंदाचे सगळे किस्से एकाच पार्टीचे आहेत. नाव सरकी. उंची माझ्या घोट्याच्या जरा वर. कामधंदा, चावणे.

आधी माणसं सांगते. मी काट्यावर बसते, म्हणजे कापसाच्या गाड्यांचं वजन होतं तिथं, कंप्युटरवर. कदम साहेब मॅनेजर. रहीम चाचा मशीनचे फिटर. आणि गेटवर गंगाधर मामा. एका सकाळी चाचा ओंजळीत काहीतरी पांढरं घेऊन ऑफिसात आले.

"ताई, ये लेव. माल के ढेर में सोरी थी."

कुत्र्याचं पिल्लू! आईचा कुठं पत्ता नाही. कापसातून बी निघते तशी निघाली म्हणून सरकी. नाव ठेवलं, लस टोचून आणली, माझ्या टेबलाखाली पोतं टाकलं. बोट तोंडात दिलं की चघळायची. आम्ही आपले कौतुकानं, "खेळायलीय हो, खेळायलीय!"

मग दात वाढले. दात कसले, सुया! माझी ओढणी, साहेबांच्या पँटचा काठ, मामांच्या पायाचा अंगठा, सगळं तिच्या खेळात. हिला चावू नये हे शिकवायचं ठरलं. इथून पुढं ऑफिसचं जे काही झालं, त्याला आम्हीच जबाबदार.

*

कदम साहेबांनी मोबाईलवर व्हिडिओ बघितला. पिल्लू चावलं की मोठ्यानं कळवळून ओरडायचं. त्याला कळतं, आपलं जरा जास्त झालं. साहेबांनी आम्हाला ऑर्डरच काढली, "सगळ्यांनी एकसारखं ओरडायचं. आई गंऽऽ! दुसरं काही नाही. तिचा गोंधळ होतो."

चाचांनी विचारलं, "मैं अम्मा बोलूं तो चलता क्या?"

"चालतंय."

दुपारी पेडगावचे एक शेतकरी गाडी घेऊन आले. वजन झालं. साहेब टेबलाशी बसून त्यांना आजचा भाव सांगायला लागले आणि टेबलाखाली सरकीनं पोटरी धरली.

"आई गंऽऽ!"

शेतकरी खुर्चीतून अर्धे उठले. "साहेब, भाव तुमीच सांगितला, आन बोंबलायलाव बी तुमीच! मग आमी काय करावं?"

*

पुढचा व्हिडिओ. ओरडायचं नाही. चावली की खेळ बंद! हाताची घडी घालायची, पाठ फिरवायची, भिंतीकडं तोंड करून झाडासारखं उभं राहायचं. बघायचं नाही, बोलायचं नाही. पिल्लाला वाटतं, चावलं की दोस्त जातात.

एकदा ती एकापाठोपाठ एक आम्हा तिघांना चावली. मग काय, साहेब, चाचा आणि मी, तिघंही भिंतीकडं तोंड करून उभे. समोर भिंतीला कॅलेंडर. सरकी थोडा वेळ भुंकली, कंटाळली, निघून गेली. आम्ही वळलो तर दारात बोरीचे एक वयस्कर शेतकरी टोपी हातात घेऊन, मान खाली घालून उभे! त्यांच्या मागं त्यांचा टेम्पोवाला. तोही तसाच.

त्यांनी हळूच विचारलं, "कोन गेलं?"

आता पिल्लू चावलं म्हणून उभे होतो असं कसं सांगणार? साहेबांना हसू आवरेना. त्यांनी तोंडावर रुमाल धरला, खांदे गदागदा हलायला लागले. म्हातारबाबा पुढं आले आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "रडू नका साहेब. माणूस लय चांगला होता."

*

शेवटी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "पिल्लं एकमेकांना चावतात तेव्हाच शिकतात, किती जोरात चावायचं ते. हिला भावंडं नाहीत. आता तुम्हीच तिची भावंडं."

आम्ही हसलो. गंगाधर मामा हसले नाहीत. मामांनी ते मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सरकीनं त्यांचा अंगठा धरला. मामा खाली बसले, तिला उचललं आणि तिच्या कानाला हळूच चावले!

सरकी "कुईं" करून एकदाच ओरडली. खाली उतरली. पाठ फिरवली. भिंतीकडं तोंड करून बसली. मामांनी हाक मारली, बघितलं नाही. बिस्कीट दाखवलं, बघितलं नाही. संध्याकाळपर्यंत मामांकडं ढुंकूनसुद्धा बघितलं नाही!

मामांचा डबा तसाच राहिला. सुटताना गेटवर मला म्हणाले, "ताई, तिला सांगा ना. न्हाई चावणार म्हणावं आता."

*

मग डॉक्टरांनी सांगितलेला दुसरा उपाय. हात धरला की हात काढून घ्यायचा आणि बदल्यात चावायला वस्तू द्यायची. चाचांनी जाड दोरीला गाठी मारून झकास खेळणं केलं. सरकी चावली की दोरी पुढं. तिनं हात सोडला, दोरी धरली. वा! सगळे खूश.

दोन-चार दिवसांनी मी वजन टाकत होते. सरकी आली, दोरी टेबलाखाली नीट ठेवली, मला चावली आणि माझ्याकडं बघत बसली. मी दोरी उचलून दिली. ती दोरी घेऊन चाचांकडं गेली. तिथं ठेवली. चाचांना चावली. चाचांनी दिली.

साहेब लांबून सगळं बघत होते. म्हणाले, "ट्रेनिंग चांगलं झालंय. फक्त आपलं झालंय!"

*

आता शेठजींचं.

आमचे शेठजी परभणीत राहतात, अधूनमधून चक्कर मारतात. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की ऑफिसात चावरं कुत्रं पाळलंय. साहेबांना फोन आला, "मी येतोय. मी तिथून परत निघायच्या आत ते जनावर गेटच्या बाहेर पाहिजे."

मामांनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही. चाचा एकच धरून बसले होते, "मेरे घर ले जातूं." पण त्यांच्या घरी शेळ्या, आणि सरकीला शेळ्या दाखवायच्या म्हणजे! माझ्याकडं भाड्याची खोली. मी तिला पोत्यावर थापटत बसले होते आणि डोळ्यांत सारखं पाणी येत होतं.

शेठजी आले. पांढराशुभ्र लखनवी कुर्ता, बाहीवर बारीक नक्षी. खुर्चीत बसले, "कुठंय?" म्हणाले, आणि सरकी टेबलाखालून निघून थेट त्यांच्या बाहीला लटकली! शेठजींनी दुसऱ्या हातानं तिची मान धरली, डोळ्यांत डोळे घातले आणि नुसतं म्हणाले, "बस!"

सरकीनं बाही सोडली. जीभ तोंडात फिरवली. आणि बसली! पुन्हा चावायचं नावच नाही.

शेठजी आमच्याकडं वळले. "बघितलं? धाक लागतो माणसाचा! तुम्हाला एवढे दिवस जमलं नाही. राहू द्या तिला. काही अडलं तर मला फोन करा." कॉलर नीट करून, चहा पिऊन गेले. मामा तर रस्त्यापर्यंत गाडीमागं गेले.

आम्ही सरकीला उचललं, तोंड उघडून बघितलं. पुढचा एक दुधाचा दात गायब.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडलं आणि फोन वाजला. शेठाणीबाई! साहेबांनी स्पीकरवर घेतला.

"कदम, ह्यांच्या कुर्त्याच्या बाहीत दात अडकलाय. एवढुसा. कुणाचा आहे हा?"

साहेब सरळ माणूस. म्हणाले, "वहिनी, सरकीचा असेल. ती सगळ्यांनाच चावते. पण काल शेठजींनी मान धरून डोळ्यांत बघितलं तशी एकदम शांत बसली."

पलीकडून एकेक शब्द सुटा आला.

"ही. सरकी. कोण?"

साहेबांनी फोन सरळ चाचांच्या हातात दिला. चाचांनी घसा खाकरला आणि अगदी अदबीनं म्हणाले,

"बच्ची है, भाभी. अब्बी तो दूध के दातां गिररे उसके. शेठ बोले, रहने देव इसको इधरच."