दयानंद पेंटरचा लाल चौकोन

दयानंद पेंटरला रंगातलं काही शिकवायला कुणी जाऊ नये, असं नांदेड जिल्ह्यातल्या बऱ्याच लोकांचं मत होतं, आणि त्या लोकांत खुद्द दयानंद पेंटर पहिला होता. माणूस तसा गरीब स्वभावाचा, पण रंगाची गोष्ट निघाली की मान ताठ. वीस वर्षं त्याने भिंती रंगवल्या होत्या. मुदखेडची बियाण्याची जाहिरात त्याची, उमरीच्या वाटेवरची खता-औषधांची त्याची, आणि अर्धापूरच्या केळीच्या पट्ट्यात तर त्याचा ब्रश न फिरलेली गल्ली शोधावी लागली असती. सायकलच्या दांडीला डबे, खांद्यावर शिडी, डोक्याला रुमाल. भिंत ज्याची त्याच्या घरचा चहा, आणि काम संपलं की उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव: दयानंद पेंटर, नांदेड.

त्याचं शास्त्र त्याने पुस्तकात वाचलेलं नव्हतं. शेतकरी दुरून येतो, उन्हात डोळे बारीक करून बघतो. त्याला हिरव्यावरचं पिवळं अक्षर शंभर पावलांवरून दिसतं, आणि मध्ये लाल दिसला की पाय आपोआप थांबतात. कंपनीचे साहेब पुण्याहून फिकट जांभळे, राखाडी नमुने घेऊन यायचे. दयानंद ते नीट बघायचा, परत द्यायचा आणि म्हणायचा, "सायब, हे रंग आमच्या धुळीत आठ दिवस बी टिकत न्हाईत." साहेब मुकाट्याने हिरवा-पिवळा मंजूर करून जायचे.

मग फ्लेक्स आले आणि भिंतींना कुणी विचारेना. सहा वर्षांपूर्वी वीरेशने त्याला आपल्या छापखान्यात बोलावून घेतलं. वीरेश मूळचा उदगीरचा, वयाने लहान, दयानंदला काका म्हणणारा. कॉम्प्युटर त्यानेच शिकवला. ब्रश धरलेला हात सुरुवातीला माऊसवर असा जोर द्यायचा की दोन माऊस पहिल्या महिन्यातच कामी आले, पण वीरेश हसला आणि तिसरा आणून दिला. त्या उपकाराची आठवण दयानंद येता-जाता काढायचा. एकच सल मात्र जात नव्हता. चहा पिता पिता तो म्हणायचा, "वीरेश, माझी वीस वर्षं चुन्याखाली गेली बघ. आता कुठं काई ऱ्हायलं न्हाई." वीरेश त्याचा कप पुन्हा भरायचा.

अशा वेळी अर्धापूरहून केवळाबाई आल्या. पन्नाशीच्या, बोलणं मोजकं, हातातल्या पिशवीत केळीच्या वेफर्सचा डबा. त्यांच्या बचत गटात आठ बायका होत्या. दोन वर्षं त्यांनी साध्या पिशवीत वेफर्स विकले, पण साध्या पिशवीला बाहेरचं गिऱ्हाईक विचारत नव्हतं. आता छापील पाकीट करायचं ठरलं होतं. महाशिवरात्रीच्या उपवासाला वेफर्स सगळ्यांत जास्त खपतात, म्हणून तीच मुदत. शिवरात्रीच्या यात्रेत माल हलला नाही तर भट्टी बंद करायची आणि आठही जणींनी पुन्हा दुसऱ्याच्या रानात तण निंदायला जायचं, असं बैठकीत बोलून झालं होतं.

"भाऊ, आमच्या पाकिटापाशी माणूस थांबला पाहिजे," केवळाबाई म्हणाल्या.

थांबला हा शब्द कानावर पडला आणि दयानंदच्या अंगात जुना पेंटर जागा झाला. माणूस थांबवणं हेच तर त्याचं काम होतं. पाकीट गर्द हिरवं केलं, केळीसारखं. त्यावर पिवळीधमक अक्षरं. आणि चव ओळखू यावी म्हणून खाली टोकावर उभा केलेला चौकोन. तिखट वेफर्सला त्याचा खालचा अर्धा भाग लाल, खाऱ्यांना पिवळा. नियमाप्रमाणे शाकाहाराचा हिरवा ठिपका कोपऱ्यात होताच. केवळाबाईंनी पडद्याकडे पाहिलं.

"कायतरी वळखीचं वाटून राहिलं," त्या म्हणाल्या.

दयानंदला ते कौतुक वाटलं. ओळखीचं वाटणं म्हणजे अर्धी विक्री, असं त्याने त्यांना समजावून सांगितलं. त्यांनीही मान डोलावली, कारण जाणत्या माणसाला काय विचारायचं. पाकिटं हैदराबादहून छापून आली, भरली गेली, आणि शिवरात्रीच्या दहा दिवस आधी अर्धापूरच्या आठवडी बाजारात मांडली गेली. आपलं काम बघायला दयानंद मुद्दाम बस धरून गेला.

लोक थांबत होते. अगदी त्याच्या शास्त्राप्रमाणे थांबत होते. थांबत होते, बघत होते आणि पुढे जात होते. एका धोतरवाल्या बाबांनी पाकीट उचलून उलटंपालटं केलं आणि विचारलं, "हे कोणत्या अळीवर चालतं?" बायका हसल्या, बाबाही हसले, पण पाकीट खाली ठेवून गेले. मग एक म्हातारी नातवाला घेऊन आली. पोराने हात पुढे केला तसा तिने चापट मारून तो मागे ओढला.

"हात लावू नको. औषध हाय ते."

आमच्याकडे औषध म्हटलं की आधी फवारणीचं आठवतं. दयानंद पुढे सरकला. त्याने पाकीट हातात घेतलं आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. हिरवी जमीन, पिवळी अक्षरं, खाली टोकावर उभा चौकोन आणि त्यात लाल. हे पाकीट नव्हतंच. वीस वर्षं तो जी कीटकनाशकाची जाहिरात भिंतीभिंतीवर काढत आला, तीच त्याच्या हाताने त्याला न विचारता काढली होती. विषाच्या डब्यावर असतो तो चौकोन त्याने वेफर्सवर दिला होता. त्या दिवशी तीन पाकिटं खपली, तीही बँकेत बदलून आलेल्या एका शहरी साहेबांनी नेली. त्यांना त्यात फक्त केळी दिसली.

आठ बायका पाकिटं पुन्हा पोत्यात भरत होत्या. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं, आणि त्याला तेच जास्त लागलं.

"ताई, चूक माझी हाय," तो केवळाबाईंना म्हणाला. "तुम्ही दुसरीकडं करून घेतलं असतं तर बरं झालं असतं."

केवळाबाईंनी पोत्याचं तोंड बांधलं. "हात चांगला हाय तुमचा. डोळा तेवढा रानात अडकलाय. चला, च्या घेऊ."

त्यांचं घर बाजारापासून लांब नव्हतं. दयानंद मान खाली घालून चालत होता, म्हणून भिंत त्याला अगदी जवळ गेल्यावर दिसली. कडेचे पोपडे उडालेले, हिरवा रंग फिकटून पांढुरका झालेला, पण चौकोन शाबूत होता आणि उजव्या कोपऱ्यात नावही. दयानंद पेंटर, नांदेड. तो तिथेच उभा राहिला.

"याला चुना न्हाई मारला?"

"सगळ्या घराला मारला. एवढी भिंत ठेवली," केवळाबाई म्हणाल्या. "का ठेवली ते पुनमला विचारा. पोरगी लातूरला नर्सिंग शिकून राहिली. शिवरात्रीला येणार हाय."

चहा येईपर्यंत तो भिंतीकडे बघत बसला, आणि बघता बघता त्याची नजर खाली उतरली. त्याच्या जाहिरातीखाली, जमिनीपासून हातभर उंचीचा पट्टा गेरूने सारवलेला होता. त्यावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, बोटाने काढलेली. वरची भिंत इतक्या वर्षांत कुणी हात न लावलेली, आणि खालचा पट्टा दर सणाला नवा. वरचा रंग रानाचा होता, खालचा घराचा. दुरून येणाऱ्या माणसाला थांबवणारा रंग वेगळा, आणि उंबऱ्याच्या आत ये म्हणणारा वेगळा. इतकी वर्षं तो बायकांनी सारवलेल्या पट्ट्यावर शिडी टेकवत आला होता आणि त्याने तो कधी पाहिलाच नव्हता.

"ताई, हे ठिपके मला कागदावर काढून द्याल का?"

केवळाबाईंनी पिठात बोट बुडवून जुन्या वर्तमानपत्रावर नक्षी काढून दिली. दुसऱ्या दिवशी वीरेशने काही न विचारता मशीन मोकळं करून दिलं. गेरूच्या रंगाचे रुंद पट्टे छापले, मधोमध पांढरे ठिपके, खाली साधी अक्षरं: अर्धापूरच्या घरचे केळीचे वेफर्स, उपवासाचे. चार दिवस आठ बायका आणि दयानंद पाकिटांवर पट्टे चिकटवत बसले. चौकोन झाकला गेला. गंमत अशी की तोच हिरवा रंग, जो औषधाचा वाटत होता, गेरूशेजारी आल्याबरोबर केळीच्या पानासारखा दिसायला लागला. रंग एकटा काही बोलत नाही, शेजारी कोण बसलंय त्यावर त्याची भाषा ठरते. हे दयानंदला बावन्नाव्या वर्षी कळलं आणि त्याने ते मोठ्याने कबूलही केलं.

यात्रेत दुपारपर्यंत दोन पोती संपली. बाजारातली ती म्हातारीसुद्धा आली. तिने पाकीट डोळ्यांजवळ धरून ठिपके न्याहाळले, एक घेतलं, नातवाच्या हातात दिलं आणि आणखी दोन पिशवीत टाकली. केवळाबाईंनी त्या क्षणी दयानंदकडे पाहिलं आणि पदराने तोंड पुसलं. संध्याकाळी रिकामी पोती घडी करताना आठ जणींनी भट्टी कधी पेटवायची ते ठरवलं. परवा.

पुनम तिथेच भेटली. उंच, नीटनेटकी, वीस-बावीस वर्षांची. तिने वाकून नमस्कार केला तेव्हा दयानंद संकोचला.

"काका, तुम्ही आमची भिंत रंगवत होते तवा मी चार वर्षांची होते," ती म्हणाली. "आम्ही पोरं शिडीखाली बसायचो. तुम्ही आम्हाला सांगितलं होतं, लाल चौकोन दिसला की हात मागं. दहादा म्हणून घेतलं होतं."

दयानंदला आठवत नव्हतं. असं तो प्रत्येक गावात पोरांना सांगायचा, ती शिडीखालून हलावीत म्हणूनही.

"त्याच उन्हाळ्यात रानात माझ्या धाकट्या भावाला तहान लागली. कोठ्यात बैलांशेजारी औषधाचा डबा होता. त्याने झाकण काढलं होतं. मला वाचता येत नव्हतं, पण चौकोन दिसला. मी त्याचा हात मागं ओढला आणि आईला हाक मारली." तिने आईकडे पाहिलं. "तो आता बारावीला हाय. त्या कारणानं भिंत ठेवली."

यात्रेची गर्दी अंगावरून चालली होती आणि दयानंद डोळे पुसत उभा होता, लपवण्याचा प्रयत्नही न करता. बाजारात लोकांनी पाकीट घेतलं नाही, ते त्याचाच धडा त्यांनी पाठ ठेवला म्हणून. त्या दहा दिवसांत तो स्वतःला जेवढा बोलला होता, ते सगळं त्याने मनातल्या मनात परत घेतलं. कुणाचे आभार मानावेत ते कळेना, म्हणून त्याने केवळाबाईंपुढे हात जोडले.

"आता हात जोडू नका, एक काम करा," केवळाबाई म्हणाल्या. "पाकिटावरचा झाकला तुम्ही. भिंतीवरचा उजळून द्या. गल्लीत नवी पोरं लई झाल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जुने डबे सायकलला बांधून निघाला. नांदेडहून अर्धापूरपर्यंत सायकल मारत गेला, बस असताना. शिडी टेकवताना गेरूचा पट्टा खराब होऊ नये म्हणून त्याने पायाशी गोणपाट घातलं. हिरवा तसाच ठेवला, पिवळी अक्षरं तशीच ठेवली, फक्त चौकोनातला लाल नव्याने भरला. खाली सहा-सात पोरं येऊन बसली होती. कोपऱ्यातलं नाव पुसट झालं होतं, त्याला त्याने हात लावला नाही. ब्रश डब्यावर आडवा ठेवून तो पोरांकडे वळला आणि म्हणाला, "हं, सांगा. लाल दिसला की काय करायचं?"