कलमांना पाणी, शाळेला कुलूप

“उघडं ठेवलं तर घाण करतात हो मॅडम,” मुख्याध्यापक मुलींच्या शौचालयाचं कुलूप काढत म्हणाले. “तुम्ही येणार म्हणून सकाळीच धुवून घेतलंय.”

आत फरशी चकचकीत होती. मी नळ फिरवला. थेंब नाही.

पाणीपुरवठ्याची कनिष्ठ अभियंता म्हणून रत्नागिरीजवळच्या त्या शाळेत मी तपासणीला गेले होते. धुवायला पाणी कुठून आणलं, असं विचारल्यावर त्यांनी मुलींना विहिरीवर पाठवल्याचं सांगितलं. गणिताचा तास बुडवून.

व्हरांड्यात एक बाई उभ्या होत्या. आठवीतल्या सायलीची आई. मुलीचा दाखला न्यायला आल्या होत्या.

“काढताय कशाला शाळेतून?” मी विचारलं.

“पोर सकाळधरून पाणीच पीत नाय. शेवटच्या तासाला पोट धरून बसते. दोनदा लघवीचं इन्फेक्शन झालं. डॉक्टर म्हणतो, भरपूर पाणी पी. पिऊन जाईल कुठं? मागं कातळ आहे नुसता, आडोशाला झाडसुद्धा नाय.”

सायली वर्गात पहिली यायची. सहामाहीत गणिताचा पेपर अर्धा सोडून ती घरी पळाली होती. मुख्याध्यापकांच्या मते तिचं “अभ्यासातलं लक्ष उडालं होतं.”

मी डोंगरावरच्या टाकीपर्यंत चढले. टाकी भरलेली. मग पाइपलाइन धरून खाली उतरले. वाटेत एक टी होता. टी म्हणजे एका पाइपाचे दोन फाटे करणारा जोड. नकाशात तो नव्हता. शाळेच्या फाट्यावरचा व्हॉल्व्ह बंद होता. दुसरा फाटा शाळा समितीच्या अध्यक्षांच्या बागेत जात होता. हापूसच्या कोवळ्या कलमांच्या बुंध्याशी माती ओली होती.

प्लंबर बोलावून तो फाटा तोडायला घेतला, तोच आमच्या ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला.

“मॅडम, पावसापर्यंत थांबा ना. कलमं वाळतील.”

“सर, मुली आजारी पडतायत.”

“तुम्ही उगाच भावनिक होताय.”

मी फोन ठेवला आणि फाटा तोडून घेतला. संध्याकाळी शाळेच्या नळाला पाणी आलं. दार उघडं राहील असं मुख्याध्यापकांकडून कबूल करून घेतलं आणि सायलीच्या घरी गेले.

“पाणी आलं. पाठवा तिला,” मी म्हटलं.

“आज आलं. तुमची पाठ फिरली की?” आई म्हणाली. “दुपारच्या गाडीनंच मुंबईला मामाकडं धाडलीय. त्याचं तान्हं पोर सांभाळेल.”

पुढच्या महिन्यात माझी बदली झाली. अध्यक्षांच्या दारात स्वतंत्र बोअरवेल झाली. कलमं जगली. सायली परत आली नाही.

आता कुठल्याही शाळेत गेले की मी आधी नळ बघत नाही. मुलींच्या पाण्याच्या बाटल्या बघते. दुपारी त्या भरलेल्याच असल्या, तर शौचालय कितीही चकचकीत असो, ते बंद आहे असं समजावं.